बुजवावयाची फट आणि राखावयाची फट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं भंडारा जिल्ह्यांतील दिघोरीसारख्या गांवीं तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशीं शेतकऱ्यांनीं आपले खरे बैल मिरविलेले असतात. दुसऱ्या दिवशीं मुलें चाकांवर बसविलेले लाकडी नंदी ओढीत नेतात. हा नंदी घडविणारा सुतार शिंगांच्या बुडाशीं आणि पायांच्या सांध्यांत राहिलेली फट सरसांत कालविलेल्या भुशानें बुजवितो, वरून रंग देतो, आणि त्याचें काम संपतें. खरा बैल इतका गुळगुळीत नसतो, त्याच्या मानेवर जुवाचा घट्टा पडलेला असतो, हें सुतारास पक्कें ठाऊक असतें. तरीहि तो घट्टा नंदीवर उमटवावा असें त्याला वाटत नाहीं, आणि कोणी तसें मागतहि नाहीं. कारण नंदी ही अमुक एका बैलाची प्रतिकृति नव्हे. बैल ह्या जातीची ती मूर्ति आहे, आणि मूर्तीला गुळगुळीतपणा शोभतो.

प्रतिकृतीची गोष्ट निराळी. आम्ही येथें ज्या कलेचा विचार करणार आहों ती रणगाड्यांच्या लहान प्रतिकृति जोडण्याची कला होय. तळ्यांच्या ह्या जिल्ह्यांत तिची आठवण व्हावी हें वाटतें तितकें विचित्र नाहीं. आमच्या तळ्यांना इंग्रजी अमदानींतील सरकारी लिखाणांत 'टँक' म्हणत. पुढें १९१५ सालीं ब्रिटिशांनीं आपल्या नव्या चिलखती गाडीचें गुपित फुटूं नये म्हणून तिला पाण्याच्या टाकीचें हें साधें नांव दिलें, आणि सप्टेंबर १९१६ मध्यें ती सोमच्या रणभूमीवर उतरली तेव्हां तें नांव तिला कायमचें चिकटलें. मराठींतील टाकें व गुजरातींतील त्याचा भाऊबंद ह्यांच्याशीं त्या इंग्रजी शब्दाचें नातें असावें असें कांहीं कोशकार मानतात.

ह्या कलेचा आजचा पसारा प्लॅस्टिकच्या संचांमुळें वाढला. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९६० नंतर लवकरच पँथर ह्या जर्मन रणगाड्याचा संच काढला. आंत विजेची मोटर व बॅटऱ्या मावाव्यात ह्या हिशेबानें त्याचा आकार ठरविण्यांत आला; तो मुळाच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला, आणि पुढें तेंच प्रमाण जगभर रूढ झालें. ज्या प्रमाणास आज शास्त्राचा मान मिळतो त्याचा जन्म असा खेळण्याच्या सोयीपोटीं झालेला आहे, आणि जन्मखुणा जुन्या संचांवर अजून दिसतात. गाडीच्या बुडाला मोटरीसाठीं व बटणासाठीं ठेवलेलीं भोंकें असतात, आणि साखळीपट्ट्यांवरच्या बाजूच्या खणांना खालून तळच नसतो. कारागिराला पहिली लांबी भरावी लागते ती येथें.

एक साधें गणित वाचकांनीं करून पाहावें. सेंच्युरियन रणगाड्याचें साडेसात मीटरांहून थोडें अधिक लांब असलेलें धड १:३५ ह्या प्रमाणांत सुमारें २२ सेंटिमीटरांचें होतें. जोडाच्या ठिकाणीं अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तर डोळा ती क्षम्य मानील. पण मूळ गाडीवर ती साडेसतरा मिलिमीटर, म्हणजे करंगळी आंत जाईल एवढी होते. उलट, बुरुजावरील हातकडी बारा मिलिमीटर जाडीच्या सळईची असेल तर प्रतिकृतींत ती मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी हवी. सांच्यांतून इतकी बारीक कडी नीट निघत नाहीं. म्हणून जाणते कारागीर संचांतील जाड कडी कापून टाकतात व तिच्या जागीं तांब्याची तार वांकवून बसवितात. पत्र्याच्या बारीक वस्तूंसाठीं पितळेच्या पातळ पत्र्यांतून तेजाबानें कोरलेले भाग मिळतात. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचें कौतुक करणाऱ्या आमच्या वाचकांना हें काम परकें वाटणार नाहीं.

फट बुजविण्याच्या रीति अनेक आहेत, व प्रत्येकीचा गुणदोष निराळा आहे. सर्वांत चांगली रीति म्हणजे फट पडूंच न देणें. चिकटविण्यापूर्वीं भाग कोरडेच जुळवून पाहावे. अडतील तेथें कानस फिरवावी. मग जोडद्रव लावावा. हा द्रव प्लॅस्टिकला विरघळवून एकजीव करतो. भाग दाबले कीं सांध्यांतून मऊ प्लॅस्टिकची बारीक कड वर येते, ती पुरती वाळल्यावर पातीनें खरवडली म्हणजे सांधा शोधूनहि सांपडत नाहीं. एवढें करूनहि फट उरली तर लांबी. नळींतून येणारी लांबी वाळतांना आकसते, म्हणून ती एकदम न भरतां पातळ थरांनीं भरावी लागते. दोन घटक मळून तयार होणारी इपॉक्सी लांबी आकसत नाहीं व ओल्या बोटानें सारवितां येते. मात्र ती कठीण होण्यास कांहीं तास लागतात. सुपरग्लू फटींत घातला तर क्षणांत सुकतो; पण तो लौकर घासला नाहीं तर भोंवतालच्या प्लॅस्टिकहून कठीण होतो, आणि मागाहून घासतांना प्लॅस्टिक झिजतें व तो तसाच उंच राहतो. घासण्याचें काम पाण्यानें ओल्या केलेल्या पॉलिश पेपरानें करावें, म्हणजे पृष्ठ सारखें होतें आणि धूळहि छातींत जात नाहीं. शेवटीं करड्या अस्तररंगाचा एक हात द्यावा. डोळ्यांनीं सोडून दिलेल्या सर्व खाचा तो निष्ठुरपणें उघड्या पाडतो.

येथपर्यंतचा भाग हस्तकौशल्याचा झाला. आमची तक्रार आहे ती पुढची. लांबी भरण्याचा हात बसला कीं कारागिराला गुळगुळीतपणाचें व्यसन जडतें. दिसेल ती रेघ त्याला दोष वाटूं लागते, आणि सांच्याचा दोष व कारखान्याची खूण ह्यांतील भेद तो विसरतो. शर्मन ह्या अमेरिकन रणगाड्याचेंच उदाहरण घ्या. त्याच्या एका जातीचें धड ओतीव पोलादाचें व गोलसर होतें, दुसऱ्या जातीचें सपाट पत्रे वितळजोडानें जोडून केलेलें होतें. पहिल्याचें अंग खरबरीत हवें, दुसऱ्याच्या कडांवर जोडाच्या वळ्या हव्यात. रशियाचा टी-३४ युद्धाच्या ऐन निकडींत घाईनें बनत होता; त्याच्या ओतीव बुरुजाचा राठपणा आणि सांध्यांचा ओबडधोबडपणा छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. तो घासून आरशासारखा करणें म्हणजे १९४२ सालची सगळी निकड पुसून टाकणें होय. सेंच्युरियनचा बुरूज ओतीव, पण त्याचें छप्पर निराळ्या पत्र्याचें व जोडलेलें. तेव्हां एकाच बुरुजावर दोन प्रकारचें अंग दाखविण्याची जबाबदारी येते. त्यासाठीं पातळ केलेली लांबी राठ कुंचल्यानें टिपून ओतीव अंग आणावें, आणि इपॉक्सीची दोऱ्यासारखी वळी सांध्यावर ठेवून सुईच्या टोकानें दाबीत जोडाची रेघ उठवावी. जी लांबी सांच्याची रेघ मिटविते तीच कारखान्याची रेघ पुन्हां उमटविते. हें दुसरें काम ज्याला साधलें त्याची जाण पहिल्या कामापुरती थांबलेली नसते.

लांबी हीच मूळ वस्तूचा भाग असल्याचेंहि एक उदाहरण आहे. १९४३-४४ च्या काळांत जर्मन रणगाड्यांच्या अंगावर चुंबकी सुरुंग चिकटूं नयेत म्हणून त्सिमेरिट नांवाचा लेप थापीत व त्यावर खरवडून वळ्या पाडीत. प्रतिकृतींत तो लेप दाखविण्यासाठीं कारागीर खऱ्याच लांबीचा थर देतो व लहान करवतीच्या दातांनीं तो ओढतो. येथें साधन आणि साध्य अगदीं जवळ येतात.

दुसऱ्या टोकाची चूकहि तितकीच मोठी. गुळगुळीतपणाचा आरोप टाळण्यासाठीं कांहीं जण प्रत्येक सांध्यावर जाडजूड वळी चढवितात. वरचेंच गणित लावलें तर एक मिलिमीटर उंचीची वळी ही मूळ गाडीवर पस्तीस मिलिमीटरांचा बांध ठरते. मग त्यावर गंजाचे ओघळ, चिखलाचे थर आणि गोळ्यांचे खड्डे येतात. लढाईला निघालेली, रोज निगा राखली जाणारी गाडी भंगारांतून उचलून आणल्यासारखी दिसते. प्रेक्षक 'वा! किती खरें!' म्हणतो, कारण युद्ध म्हणजे मोडतोड अशी त्याची आधींच समजूत असते. परिश्रम डोळ्यांत भरावेत ह्या हौसेनें केलेली अशी भर आम्हांस गुळगुळीतपणाहूनहि अधिक खटकते. गुळगुळीत प्रतिकृति कांहीं सांगत नाहीं, ही मात्र खोटें सांगते.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, अखेर हें खेळणेंच ना? घरांतला मुलगा सुट्टींत चार दिवस रमला, तेवढ्यावर समाधान मानावें. त्याला सत्यासत्याचा जाच कशाला? हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतों. कोणत्याहि नांवाशिवाय, केवळ हौसेनें जोडलेला रणगाडा हा लाकडी नंदीच्याच पंक्तीचा आहे. त्यानें गुळगुळीत असावें, वाटेल त्या रंगाचें असावें. परंतु ज्या क्षणीं त्याच्या अंगावर एखादें खरें नांव लिहिलें जातें त्या क्षणीं तो साक्षीदार होतो, आणि साक्षीदारावर साक्षीचे नियम लागू पडतात.

असें एक नांव महाराष्ट्राच्या जवळचें आहे. पुण्यास जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे पूना हॉर्स ह्या पलटणीचे अधिकारी. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत, शकरगढच्या आघाडीवर, त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यानें पेट घेतला असतांहि त्यांनीं तो सोडला नाहीं व लढत राहून वयाच्या एकविसाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. रणगाड्याचें नांव 'फामागुस्ता'. तो पुढें दुरुस्त करण्यांत आला व अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रांत जतन केलेला आहे. त्याच शहरांत १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराच्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून पॅटन व विजयंतापर्यंत अनेक गाड्या तेथें हातभर अंतरावरून पाहतां येतात, आणि ओतीव पोलाद व जोडपत्रा ह्यांतील फरक तेथें एका दुपारीं जितका कळतो तितका पुस्तकांतून कळत नाहीं.

समजा, एखाद्या कुटुंबांतील मुलानें फामागुस्ताची प्रतिकृति करावयास घेतली. संचांतील फटी त्यानें बुजविल्या, ओतीव अंग आणलें, जोडाच्या रेघा उमटविल्या. आतां तिसऱ्या प्रकारची फट त्याच्यापुढें येते, व ती सर्वांत अवघड असते. सेंच्युरियनच्या अनेक जाति झाल्या. त्यांच्या तोफा, नळ्या व बारीकसारीक सरंजाम ह्यांत फरक आहेत, आणि पेटींतील संच बहुधा भलत्याच जातीचा असतो. त्या दिवशीं मागच्या बाजूस कोणतें सामान बांधलें होतें? नळीच्या बुडाशीं असलेल्या कॅनव्हासच्या आच्छादनाला कशा घड्या पडल्या होत्या? मार नेमका कोठें बसला होता? जतन केलेली गाडी दुरुस्त झालेली व पुन्हां रंगविलेली असल्यामुळें ती त्या दिवसाचा जसाच्या तसा पुरावा नव्हे. ही फट माहितीची आहे, आणि ती कोणत्याहि लांबीनें बुजत नाहीं. बुजविली तर ती कल्पनेनें बुजते.

अशा वेळीं काय करावें ह्याचा धडा आम्हांस पुण्यांतच मिळालेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्यासाठीं १२५९ हस्तलिखितें पडताळलीं, आणि १९६६ सालीं तें काम पुरें झालें. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनीं १९२५ पासून ज्या शिस्तीनें तें चालविलें तींतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जेथें पाठाविषयीं पुरता निश्चय होत नाहीं तेथें संपादक पाठ देतो, पण त्याच्या खालीं नागमोडी रेघ ओढतो. श्लोक वाचतांना अडखळत नाहीं, आणि संशयहि लपत नाहीं. इटलींत चेझारे ब्रांडी ह्यांच्या परंपरेनें जुन्या भित्तिचित्रांतील गळालेल्या जागांसाठीं हेंच साधलें. ती जागा बारीक उभ्या रेघांनीं भरतात; दुरून चित्र अखंड दिसतें, जवळ गेलें कीं मूळ कोणतें व भर कोणती हें ओळखूं येतें.

रणगाड्याच्या प्रतिकृतीलाहि अशी नागमोडी रेघ ओढतां येते, आणि तिचें साधन कारागिरांच्या हातीं आधींच आहे. रंग चढण्यापूर्वीं संचाचें प्लॅस्टिक, भर घातलेलें पांढरें प्लॅस्टिक, पितळेचा पत्रा, तांब्याची तार व लांबी हीं आपापल्या रंगांनीं वेगळीं दिसत असतात. पुष्कळ कारागीर त्या अवस्थेंतील छायाचित्र काढून ठेवतात. सामान्यतः तें आपल्या मेहनतीचें प्रदर्शन म्हणून दाखविलें जातें. आमच्या मतें तें कृतीचा आवश्यक भाग मानावें. प्रतिकृतीशेजारीं तें छायाचित्र असावें, आणि सोबत एका लहानशा कागदावर, कोणता भाग छायाचित्रावरून केला, कोणता संग्रहालयांतील गाडीवरून, आणि कोणता केवळ अंदाजानें, हें लिहावें. ह्यानें शोभा रतीभर कमी होत नाहीं, व पाहणाऱ्याची फसवणूक टळते.

तेव्हां ह्या कलेंतील कृति पारखतांना आमच्या वाचकांनीं तीन गोष्टी पाहाव्या. सांच्यानें पाडलेली फट बुजलेली आहे काय? कारखान्यानें ठेवलेली रेघ राखलेली आहे काय? आणि जें माहीत नाहीं त्यावर प्रामाणिक खूण केलेली आहे काय? पहिल्या गोष्टीला हाताची संवय पुरते, दुसरीला डोळस अभ्यास लागतो. तिसरीला मात्र असें मन लागतें, कीं जें एकवीस वर्षांच्या शूर तरुणाच्या नांवापुढें स्वतःची कल्पना मिरविण्यास धजत नाहीं. तीन्ही गोष्टी ज्या टेबलावर एकत्र सांपडतील तेथें ती वीतभर वस्तु खेळण्याची पायरी ओलांडून गेलेली आहे, असें आम्ही खुशाल म्हणूं.