वाचनाआधी कान

मागच्या व्याख्यानानंतर जिन्यात तिघांनी एकच प्रश्न केला: "सर, वाचन सुटलंय. परत लागावं म्हणून काय वाचू?" जिन्यात उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर होत नाही, म्हणून आजचा तास त्यालाच देऊ.

आधी याद्यांबद्दल बोलून घेतो. 'आयुष्यात वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' हा प्रकार आम्हाला समीक्षेचा ऱ्हास वाटतो. समीक्षक निदान कारण देतो. यादी नुसता हुकूम सोडते, आणि तो कोणाला सोडलाय हे तिचं तिलाच ठाऊक नसतं. वैद्य नाडी न बघता पुडी बांधत नाही. पुस्तकाची शिफारस ही चतुर्थी विभक्तीत करायची गोष्ट आहे. 'कोणाला' हे आधी, 'काय' हे नंतर.

मोबाइलनं वाचन मारलं असं सरसकट म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. मोबाइल हातात येण्याच्या कितीतरी आधी आमच्या पाहण्यातल्या असंख्य पदवीधरांचं वाचन थांबलं होतं. परीक्षा संपली, वाचन संपलं. ज्या वाचनातून काहीतरी काढून घ्यायचं असतं, म्हणजे गुण, मुद्दे, टिपणं, शोधनिबंध, ते एकदा काढून झालं की पुस्तकाचा चोथा उरतो. यात प्राध्यापक वेगळे नाहीत. आम्ही कांट वाचला तो तासावर शिकवायला, शांकरभाष्य वाचलं ते विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासायला. निवृत्तीनंतर कपाट उघडलं की प्रत्येक पुस्तक परत कामावर बोलावतंय असं वाटे, आणि आम्ही कपाट लावून घेत असू.

मग मोतीबिंदू झाला. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. थेंब घालायचे आणि छापील मजकुराकडे बघायचं नाही. आमच्या शेजारी साक्रीकडचा एक मुलगा खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. रोज संध्याकाळी अर्धा तास तो आम्हाला वाचून दाखवू लागला. वाचायचा छान, खणखणीत. पण दर पानाच्या शेवटी थांबून विचारायचा, "सर, यातून लक्षात काय ठेवायचं?" गंमत म्हणून सांगत नाही. एका पिढीला आपण वाचायला कसं शिकवलं, ते या एका वाक्यात आलं.

हा प्रश्न त्यानं एका पुस्तकापाशी विचारला नाही. 'बहिणाबाईंची गाणी' उघडलं, दोन पानं झाली, आणि तो आम्हाला म्हणाला, "सर, तुम्ही हे चुकीचं म्हणता. असं नाही, असं." आमचा उच्चार पुणेरी छापाचा होता. त्याच्या घरी अहिराणी, बहिणाबाईंची बोली जळगावकडची, लेवा वळणाची. दोन्ही एक नव्हेत. पण 'कसाले' हा शब्द त्याला कोशात शोधावा लागला नाही, आजीच्या तोंडी ऐकलेला होता. त्या संध्याकाळी अर्ध्या तासाचा दीड तास झाला.

तत्त्वज्ञानाच्या लोकांना इथे बृहदारण्यकातला क्रम आठवेल: श्रवण, मनन, निदिध्यासन. आम्ही तो वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. त्यात पहिली पायरी ऐकण्याची आहे, आणि शाळा-कॉलेजात नेमकी तीच गाळून आपण थेट मननाची टिपणं मागतो. वाचन सुटलेल्या माणसाला परत यायची वाट कानावरून जाते, असं आमचं म्हणणं आहे. आणि योगायोग असा, की आपल्या जळगाव-धुळ्याच्या मातीशी ज्यांचं नातं आहे त्यांतली काही पुस्तकं मुळात कोणीतरी ऐकलं म्हणूनच झालेली आहेत.

बहिणाबाईंचंच बघा. जन्म 1880, आसोदे. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी तोंडी रचली, जात्यावर, शेतात काम करताना. सोपानदेवांनी आणि घरातल्याच आणखी एकानं ती ऐकली, उतरवून ठेवली. 1951 च्या डिसेंबरात बाई गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. ऐकणारे नसते तर मराठीला हे पुस्तक नव्हतंच. म्हणून ते डोळ्यांनी चाळू नये. 'मानिनी' या 1961 च्या चित्रपटात यांतली काही गाणी आहेत, ती जरूर ऐका. फक्त तिथे थांबू नका. चित्रपटातला आवाज गोड आहे, पण जात्याची घरघर आणि दम लागलेल्या बाईचा श्वास त्यात येत नाही. तो पानावर आहे, मोठ्यानं म्हटलं की लागतो. आणखी एक. शाळेच्या पुस्तकांनी बहिणाबाईंना सुविचाराची बाई करून टाकलं आहे. त्यांच्यात विनोद आहे, टोचणं आहे, देवाशी सरळ हुज्जत आहे. सुविचार फळ्यावरच राहू द्या.

दुसरं पुस्तक 'गीता प्रवचने'. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, अशी विनोबांनी अठरा प्रवचनं दिली. श्रोते कोण? सोबतचे कैदी. आणि उतरवून घेणारे साने गुरुजी. तुम्ही आज ज्या प्रकारचं शब्दांकन वाचता, त्या जातीचा मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ हाच म्हणायला हरकत नाही. तत्त्वज्ञानाच्या विभागांत याला फारसं कोणी हात लावत नसे, कारण यात पूर्वपक्ष नाही, खंडन नाही, भाष्यकारांची नावं घेऊन झोडपाझोडपी नाही. तर्काची कडक परीक्षा लावली तर काही ठिकाणी विनोबा दृष्टांतावर उडी मारून पुढे जातात हेही खरं. तर्कसंग्रह वाचून आलेल्याला ते खटकणार. पण समोरच्या माणसाला धरून बोलणं म्हणजे काय, हे यात दिसतं. यातली भाषा दुसऱ्याच्या हातून कागदावर आली तरी बोलण्याचा श्वास तुटलेला नाही, याचं श्रेय गुरुजींना फार कमी दिलं जातं. हे पुस्तक आम्ही कोणाला देऊ? ज्याला गीता 'अवघड' म्हणून लांब ठेवायची सवय झाली आहे त्याला. एका दमात वाचू नका. दर रविवारी एक अध्याय, घरातल्या कोणालातरी समोर बसवून, मोठ्यानं. अठरा आठवडे.

गुरुजींचा विषय निघालाच आहे. अमळनेरला प्रताप शेठजींच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते काही काळ होते, मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. पन्नास-शंभर मुलांसाठी रोज लिहायचं! शिफारस चतुर्थीत करतात म्हणालो, ती अशी.

'श्यामची आई' त्यांनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, बेचाळीस. श्याम सांगतो, सोबती ऐकतात. आपण ती दहाव्या वर्षी वाचली, रडलो, आणि विषय मिटला असं समजतो. साठी ओलांडलेल्यांना आमचं सांगणं, परत वाचा. रडणं जास्त आहे, उपदेशही मधेमधे लांबतो, हे आता चटकन दिसेल. पण दहाव्या वर्षी न दिसलेलं एक पुस्तक आत आहे: कर्जाचं पुस्तक. सावकाराचा माणूस दारात येतो, अपमान करतो, घर जातं, अब्रू जाते, आणि त्याच घरात आजारी बाई मुलाला वळण लावत असते. खानदेशात कापसाच्या पिकावर कर्ज काढणाऱ्या घरांना हे कोकणातलं पुस्तक परकं वाटायचं कारण नाही. अत्र्यांचा 1953 चा चित्रपट, वनमालाबाई आणि माधव वझे यांचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा, तो नातवंडांसोबत बघा. पण पुस्तक आधी. चित्रपटात आई समोर दिसते. पुस्तकात ती गेलेली आहे आणि कोणीतरी रात्री तिची आठवण सांगतंय. हा फरक लहान नाही.

चौथं 'कोसला'. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि 1963 मधली ही कादंबरी सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाची. तीही सांगितलेलीच आहे, पांडुरंग आपल्याशी बोलतोय. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन शब्दांच्या नकला पुढे इतक्यांनी केल्या की मूळ पुस्तक वाचताना ते उगाच जुनं वाटू लागतं. ते सोसा. मनीच्या मरणाचा भाग आला की वेग कमी करा, आणि तिथून अजिंठ्याला जाईपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका. शोकाबद्दल मराठी गद्यात याच्या तोडीचं आम्हाला फार आढळलं नाही. हे आम्ही त्या साक्रीच्या मुलाला दिलं. तो तेव्हा पुण्यात क्लास लावायला निघाला होता. महिन्याभरानं फोन आला: "सर, हा परत गावी जातो हे मला आधी का नाही सांगितलं? मी इथे नुकती डिपॉझिट भरलीय." पुस्तकाबद्दलचं इतकं नेमकं मत आम्ही परिसंवादात ऐकलं नव्हतं. 'हिंदू' मात्र यानंतर लगेच उचलू नका. मोठी आहे, पसरट आहे, मधे सोडली तरी पाप लागत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं इथलंच झालं. आम्ही टॉलस्टॉयही देऊ, ज्याला द्यायचा त्याला. पण वाचन सुटलेल्याला पहिलं पुस्तक ओळखीच्या आवाजाचं लागतं, नंतर तो कुठेही जाईल.

आता ज्यांना वाटतं की कथा-कादंबऱ्या वाचणं हे गंभीर माणसाचं काम नाही, अशांसाठी शेवटचं. इथे समोर दोन-तीन निवृत्त अधिकारी बसलेत, त्यांना उद्देशून. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या वर्षअखेर धुळ्यातच गेले. त्यांचं संशोधन मंडळ आपण बाहेरून पाहतो, आणि कागदांच्या ढिगात बसलेला कडक माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यांचा 'कादंबरी' हा 1902 चा निबंध काढून वाचा. रात्रीच्या रात्री कादंबऱ्या वाचण्यात घालवणाऱ्यांपैकी आपण आहोत, असं ते त्यात मोकळेपणानं सांगतात, आणि मग मराठी कादंबरीला जे झोडपतात ते त्या वेडापोटीच. निबंध फार मोठा नाही. बायकोला किंवा नवऱ्याला वाचून दाखवा. ऐकणारा मधेच झोपला तर उरलेला सकाळच्या चहाबरोबर.