टेबलावरचं विमान

रिमोटवरच्या विमानांचं वेड असलेले बहुतेक जण आकाशाबद्दल बोलतात. कोलांट्या, उलटं उड्डाण, जमिनीला घासून गेलेला पास. पुण्यात एरोमॉडेलर सदानंद काळे यांचे शो पाहिलेली पोरंही तेच सांगतात. पण उडताना आपण दाद देतो ती उडवणाऱ्याच्या हाताला. विमान स्वतः कसं आहे हे कळतं पावसाळ्यात, पंख धडापासून सुटून टेबलावर आले की. थंड देशांतले क्लब हे तपासणी-दुरुस्तीचं काम बर्फाच्या दिवसांत काढतात. आपल्याकडे ते जून ते सप्टेंबर चालतं, आणि ओल ही थंडीपेक्षा जास्त चहाडखोर. बांधणाऱ्याने झाकलेलं सगळं ती उघडं पाडते.

समोर बाल्साचं साधं ट्रेनर घेऊ. पंख धडाच्या वर, छेद खालून जवळजवळ सपाट, क्लार्क-वाय घराण्यातला. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरचा, वजनाला सागाच्या पाव. पंख खिडकीशी धरला की त्यावर ताणलेल्या पारदर्शक फिल्ममधून बरगड्या दिसतात आणि माणूसही दिसतो. मुळाशी गोंदाची रेघ बारीक, एकसारखी. टोकाकडे ठिपके मोठे होत गेलेले, म्हणजे रात्र बरीच झाली होती आणि धीर सुटला होता. वरच्या-खालच्या स्पारना, म्हणजे पंखातल्या लांब दांड्यांना, जोडणारी पातळ फळी पाहावी. तिचे रेषे उभे असतील तर बांधणारा जाणकार. ती टोकाच्या बऱ्याच आधी संपत असेल तर त्याहून जाणकार, कारण तिथे ताण कमी असतो आणि नको तिथला ग्रॅम आयुष्यभर उचलावा लागतो. मला या पंखातली सगळ्यात देखणी जागा हीच वाटते: जिथे त्याने लाकूड लावलेलं नाही.

मग मागच्या कडेने, एक डोळा मिटून. टोकाची मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर दिसली तर नवखा घाबरतो. दोन्ही बाजूंना ती सारखीच वर असेल तर ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याला वॉशआउट म्हणतात. वेग कमी झाला की टोकाची उचल शेवटी संपते, म्हणून उतरताना विमान अचानक एका अंगावर कोसळत नाही. एकाच बाजूला असेल तर मात्र तो पावसाने दिलेला पीळ. बाल्सा ओल पितो, फिल्म सैलावते, आणि मार्चमध्ये सरळ उडणारं विमान ऑक्टोबरात डावीकडे ओढायला लागतं.

हा पीळ काढणं दोन माणसांचं काम. एकाने पंख उलट्या बाजूला, हवा त्यापेक्षा थोडा जास्तच पिळून धरायचा. दुसऱ्याने छोटी इस्त्री फिल्मवरून फिरवायची. सुरकुत्या पळतात, फिल्म तबल्याच्या पुडीसारखी ताणली जाते. ‘सोडू नकोस रे, गार होऊ दे आधी.’ गार झाल्यावर पंख सरळ राहतो तो बराचसा त्या कातडीच्या ताणावर. लाकडाने आकार द्यायचा, कातडीने तो टिकवायचा, ही वाटणी इस्त्री हातात घेतल्याशिवाय पटत नाही.

बाकीची कामं रुक्ष आहेत, पण चुकवून चालत नाहीत. ग्लो इंजिनाच्या इंधनातलं मिथेनॉल हवेतली ओल खेचतं आणि बेअरिंग गंजवतं. म्हणून टाकी रिकामी करून दोन थेंब तेल, आणि मधूनमधून पंखा हाताने फिरवणं. लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज ठेवली की फुगते. तिला सेलमागे 3.8 व्होल्टवर झोपवायचं. कनेक्टर हिरवट पडला असेल तर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची, तपकीर गल्लीची, एक चक्कर. बिजागऱ्या ओढून पाहायच्या. सुटलेलं एलेरॉन हवेत जोडता येत नाही.

फोमची तयार विमानं आली आणि पंखाचं हे वाचन मागे पडलं. तुटलं की चिकटवा, नाहीतर नवं आणा. शिकायला ती उत्तमच, तक्रार नाही. पण खिडकीशी धरून पाहावं असं त्यांत फारसं काही नसतं. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग आजही शिकवतात, वायुसैनिक कॅम्पात त्याच्या स्पर्धा होतात, हा दिलासा.

पुण्यात विमान टेबलावर जास्त राहतं त्याला पाऊस एकटा जबाबदार नाही. लोहगावची धावपट्टी हवाईदलाची, प्रवासी विमानंही तिथूनच. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, 8 ते 12 मध्ये 200 फुटांपर्यंतच. उरलेली मोकळी रानं प्लॉट होत चाललीत. त्यामुळे दसऱ्यानंतर गाडी काढून लांब जायचं, आणि पोचल्यावरही आधी रेंज तपासायची: ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून तीसेक पावलं मागे चालत जायचं, आणि विमानाशी थांबलेल्याने ओरडून सांगायचं, रडर हलतोय की नाही.