माशा पाहण्याची विद्या

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्रा. राघवेंद्र गदगकर यांनीं प्राण्यांचें वर्तन व त्यावरील प्रयोग यांविषयीं 'रेझोनन्स' मासिकांत २०१८ पासून एक लेखमाला लिहिली. तिचेंच पुस्तक इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसनें २०२१ मध्यें प्रसिद्ध केलें. पुस्तक इंग्रजींत आहे. आणि किरकोळ खर्चांत अव्वल दर्जाचें संशोधन करतां येतें, ही प्रतिज्ञा त्याच्या उपशीर्षकांतच केलेली आहे. आमचा विषय प्राणिशास्त्र नव्हे. आम्ही आज तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. तथापि एका विद्यार्थिनीनें आणून दिलेलें हें पुस्तक आम्हीं आवडीनें वाचलें, आणि त्याविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले. आपल्या भाषेंत निरुद्योगी माणसास 'माशा मारीत बसला आहे' असें म्हणण्याची चाल आहे. मग जो मारीतही नाहीं, नुसता पाहत बसतो, त्याची काय गत! ज्या मध्यम वर्गांत आम्ही वाढलों, त्यांतील एखाद्या घरीं मुलानें वैद्यक सोडून हा विषय घेतला, तर दोन दिवस कोणी धड जेवणार नाहीं.

लेखमालेचा आरंभ निको टिनबर्गेन यांच्या प्रयोगानें होतो, व ही निवड अगदीं योग्य आहे. १९२९ सालीं हॉलंडांतील हुल्सहोर्स्ट येथील वाळूच्या माळावर ह्या बावीस वर्षांच्या तरुणास मधमाशांची शिकार करणारी एका जातीची गांधीलमाशी दिसली. ती वाळूंत बीळ खणते, दूर जाऊन मधमाशी पकडते, आणि तें ओझें घेऊन नेमकी स्वतःच्या बिळाशीं उतरते. शेजारीं तशींच कितीतरी बिळें असतात. तिला आपलें घर ओळखूं येतें तें कशावरून? टिनबर्गेननें माशी आंत असतां बिळाभोंवतीं पाइन वृक्षाच्या सुक्या बोंडांचें एक कडें मांडलें. माशी बाहेर आली, वर घिरट्या घालून तिनें परिसर न्याहाळला व निघून गेली. तिच्या पाठीमागें त्यानें तें कडें फूटभर बाजूला सरकविलें. परत आलेली माशी कड्याच्या मधोमध उतरली आणि तेथें नसलेलें बीळ शोधूं लागली. खरें बीळ फूटभर अंतरावर उघडें पडलें होतें! ह्यांत उपकरण तें कोणतें? झाडाखालीं पडलेलीं बोंडें. त्याचा प्रबंध अवघा ३२ पानांचा झाला, व लायडेन विद्यापीठांतील विद्वानांस तो अंमळ कृश वाटला. ह्याच टिनबर्गेनला १९७३ मध्यें कोन्राड लोरेन्त्झ व कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. प्रबंध वजनावर तोलण्याची रीत आमच्याकडेही आहे, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

गदगकरांचें स्वतःचें चरित्रही याच मासल्याचें आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजांत शिकत असतां प्राणिशास्त्र विभागाच्या खिडक्यांवर त्यांना गांधीलमाशांचीं कागदासारखीं पोळीं दिसत. डॉक्टरेट त्यांनीं मिळविली ती रेण्वीय जीवशास्त्रांत. माशा हा फावल्या वेळचा छंद. पुढें छंदानेंच विद्येची जागा घेतली. 'रोपालिडिया मार्जिनाटा' ही ती माशी आपल्याकडेही आढळते. तिची राणी अगदीं गरीब स्वभावाची असते. कोणावर गुरकावणें नाहीं, धाक नाहीं. मात्र राणीस काढून घेतलें कीं एक साधी कामकरीण एकाएकीं चवताळते, आणि पुढें तीच राणी होते. ती कोण होणार हें पाहणारास आधीं ओळखूं येत नाहीं. पण माशांना तें माहीत असतें काय? गदगकर व त्यांच्या सहकारी यांनीं पोळें दुभागून मध्यें तारेची जाळी बसविली. राणी एका बाजूस राहिली. दुसऱ्या बाजूस एक वारसदार पुढें आली. मग दोघींची अदलाबदल केली. कधीं नव्या बाजूच्या माशांनींही त्या वारसदारास निमूटपणें मानलें. कधीं तिनें आपला दावा सोडला व तेथली दुसरीच एक पुढें झाली, आणि मग हिला मात्र दोन्ही बाजूंनीं मान्यता दिली. म्हणजे वारस ठरलेला होता, तंट्याशिवाय ठरलेला होता, आणि तो माशांना ठाऊक होता! २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगास एक जाळी, रंगाचे ठिपके व पुष्कळ चिकाटी एवढेंच लागलें. ह्याच माशांतील आळशी नरांपुढें आयतें अन्न ठेवून माद्या बाजूस काढल्या, तर ते अळ्यांना भरवूं लागतात, बेताचेंच, पण भरवितात, असेंही त्यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें आहे. हा दाखला घरोघरीं उपयोगीं पडण्यासारखा आहे.

आतां आमचा आक्षेप. 'किरकोळ खर्च' हा शब्द आम्हांस पुरता पटत नाहीं. पैशाचा खर्च किरकोळ खरा, पण वेळाचा? विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४ मध्यें महाविद्यालयांतील प्राण्यांचें विच्छेदन बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हां बेडूक वांचले ह्याचा आम्हांस आनंदच झाला. मोकळ्या झालेल्या त्या तासांत जिवंत प्राणी येतील असें वाटलें होतें; पण आमच्या शेजारच्या इमारतींत आले ते तक्ते. विद्यार्थी तक्त्यावरून आकृति काढतो, गेल्या वर्षीच्या वहीशीं ताडून पाहतो, सही घेतो आणि घरीं जातो. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीनें जिन्याच्या खिडकींतील एका पोळ्यावर महिनाभर टिपण ठेवलें होतें. तपासणीसाठीं समिती यावयाची म्हणून आदल्या दिवशीं शिपायानें वरिष्ठांच्या हुकुमानें तें पोळें पेटत्या चिंधीनें जाळलें. खिडकी स्वच्छ झाली. मुलीचें टिपण अठ्ठाविसाव्या दिवशीं थांबलें तें थांबलेंच. हा खर्च ग्रंथकारांनीं हिशेबांत धरावयास हवा होता. एखादें पोळें दोन महिने कोणी हलविणार नाहीं, एवढी हमी ज्या संस्थेंत नाहीं, तेथें फुकट मिळणारी बोंडें काय कामाचीं?

मराठी वाचकास असें पाहणें अगदीं अपरिचित नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांची वानरांच्या टोळीवरील 'सत्तांतर' (१९८२) ही कादंबरी आपण सर्वांनीं वाखाणली. मात्र कादंबरी म्हणून जें डोक्यावर घेतलें, तेंच मुलीनें पदवीसाठीं घेतलें कीं आपण कपाळास आंठ्या घालतों; ह्यांत आमचीही गणना आहे.

ग्रंथाची भाषा स्वच्छ आहे. पारिभाषिक शब्दांचा बोजा नाहीं. लेखक वाचकाचा हात धरून त्यास प्रयोगाच्या पायरीपायरीनें नेतो. पण निवडलेले प्रयोग बहुतेक फलद्रूप झालेले आहेत, त्यामुळें नवशिक्याची अशी समजूत होईल कीं प्रश्न नीट विचारला कीं माशी संध्याकाळपर्यंत उत्तर देतेच. पुढील आवृत्तींत लेखकानें आपल्या जुन्या वहींतील एक पान जसेंच्या तसें छापावें. सकाळीं आठापासून बसलों, कांहीं घडलें नाहीं, पाऊस आला, अशा मजकुराचें.