संकेत आणि अर्थ : माध्यमिक शाळेतील माहिती-तंत्रज्ञानाच्या पाठांची मीमांसा

कोणत्याही शास्त्राचा शालेय परिचय दोन प्रकारांनी करून देता येतो : त्या शास्त्राच्या उपकरणांची नावे व उपयोग सांगून, अथवा ज्या मूलकल्पनांमुळे ती उपकरणे संभवतात त्या कल्पना विशद करून. पहिला मार्ग शिक्षकाला सुलभ आणि परीक्षकाला सोयीचा असतो. दुसरा विद्यार्थ्याच्या हिताचा असतो. माहिती-तंत्रज्ञान हा विषय आपल्या शाळांत बहुशः पहिल्याच मार्गाने आला. त्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची जी हानी होते तिचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या विषयाचा शालेय इतिहास फार जुना नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या प्रकल्पाने निवडक २४८ शाळांत बीबीसी मायक्रो ही यंत्रे देऊन प्रारंभ केला. २००४ च्या डिसेंबरात शाळांतील माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानासाठी केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. दरम्यान २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या शिक्षणक्रमाने शाळेबाहेरही संगणक-साक्षरतेचा प्रसार केला. या सर्व प्रयत्नांत यंत्राशी परिचय हेच प्रधान उद्दिष्ट होते. यंत्र दुर्मीळ होते, त्याची भीती होती, आणि ती घालविणे हे त्या काळाचे कर्तव्यही होते. परंतु साक्षरता म्हणजे लेखणी धरता येणे नव्हे. त्याचप्रमाणे यंत्र चालविता येणे म्हणजे माहितीचे शास्त्र समजणे नव्हे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इयत्ता नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकातील माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानावरील पाठ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हा विषय केवळ हस्तकौशल्य न मानता त्याला गती, ध्वनी, अनुवंश यांच्या पंक्तीला, विज्ञानाच्या ग्रंथात, स्थान दिले ही त्याची मोठी जमेची बाजू. कृती करून शिकण्याचा त्याचा आग्रहही उचित आहे. तथापि पाठाचा भर यंत्राच्या घटकांवर, स्मृतीच्या प्रकारांवर आणि लेख, कोष्टक व सादरीकरण तयार करण्याच्या पायऱ्यांवर आहे. या पायऱ्या विशिष्ट आज्ञावलीच्या असतात. आज्ञावली बदलली की त्या निरुपयोगी होतात. मात्र यंत्रात जे जाते ते नेमके काय असते, अर्थ जातो की अर्थाचे चिन्ह जाते, हा मूलभूत प्रश्न अशा मांडणीत उपस्थितच होत नाही. दुसऱ्या इयत्तेच्या विज्ञानात बल न सांगता यंत्रांची यादी दिली तर ते कोणी मान्य करणार नाही. येथे मात्र तसे चालून जाते.

हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवण्यास परकीय उदाहरणांची आवश्यकता नाही. अकोला जिल्ह्यातील बाळापूर या गावाचे नाव त्यासाठी पुरेसे आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील हे गाव माहितीच्या इतिहासात दोन कारणांनी येते. पहिले कारण असे की, अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त नरनाळा सरकारातील परगणा म्हणून त्याची नोंद आहे. दुसरे असे की, जुन्या दफ्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागदांबरोबर ‘बाळापुरी’ कागदाचेही नाव येते. म्हणजे हे गाव नोंदीचा विषयही झाले आणि नोंदीचे साधनही त्याने पुरविले. कागद हेही माहितीचे तंत्रज्ञानच होय, एवढे एक वाक्य विद्यार्थ्याला समजले तरी यंत्राविषयीचे निम्मे गूढ नाहीसे होईल.

‘आईन’मधील परगण्यांच्या कोष्टकाकडे पाहता पहिली मूलकल्पना आपोआप पुढे येते. परगण्याच्या नावासमोर एक आकडा आहे. तो महसुलाचा आहे, दामांत आहे, आणि ४० दामांचा १ रुपया होत असे, हे ज्ञात असेल तरच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो. स्तंभाचे शीर्षक पुसले तर तोच आकडा माणसांचा, बिघ्यांचा की घोड्यांचा हे सांगता येणार नाही. नुसता आकडा ही नोंद. संदर्भाने उजळलेली नोंद ही माहिती. शालेय लेखनात ‘कच्ची माहिती’ अशी जी व्याख्या सर्रास आढळते ती सदोष आहे, कारण तीत ज्याची व्याख्या करावयाची तोच शब्द व्याख्येत येतो. ‘विदा’, ‘आधारसामग्री’ हे पारिभाषिक शब्द उच्च शिक्षणात उपयुक्त आहेत. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला ‘नोंद’ आणि ‘माहिती’ ही घरातली जोडी अधिक लवकर उमगेल. दुकानातील रोजकीर्द आणि तीवरून तयार होणारी खतावणी यांच्यातील संबंध तर ‘प्रक्रिया’ या संकल्पनेचे तयार उदाहरण होय. एकही नवा व्यवहार न लिहिता, केवळ मांडणी बदलून, कोणाकडे किती येणे आहे हे खतावणी सांगते.

दुसरी मूलकल्पना संकेतनाची. ‘बाळापूर’ हे नाव वाचक चार अक्षरांचे मानतो. युनिकोड पद्धतीत मात्र व्यंजन आणि स्वरचिन्ह यांना पृथक् क्रमांक असल्यामुळे तेथे सात चिन्हे होतात. त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३४८, २३६६, २३५५, २३६६, २३४६, २३७० आणि २३५२ असे आहेत. प्रचलित यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणून संपूर्ण नाव २१ बाइटांचे, म्हणजे १६८ बिटांचे होते. रोमन लिपीतील त्याच नावास सात बाइट पुरतात. हा हिशेब पाचवीच्या गणिताने करता येतो, आणि बिट, बाइट, स्मृती या शब्दांच्या पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा तो अधिक शिकवितो.

या संख्यांतूनच खरा प्रश्न निर्माण होतो. फार्सी व इंग्रजी लेखनात ळकार नसल्याने तेथून परत देवनागरीत येताना गावाचे ‘बालापूर’ होते. शिवाय वऱ्हाडी बोलीत ळकाराच्या जागी पुष्कळदा यकार येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ऐकणारा माणूस हे भेद सहज पचवितो. यंत्राच्या दृष्टीने मात्र ळकार २३५५, लकार २३५४ आणि यकार २३५१. संख्या भिन्न, म्हणून नावे भिन्न. ही रूपे समान मानावीत असे कोणी सांगितल्याखेरीज एका नावाने शोध घेता दुसऱ्या नावाखालील नोंद मिळणार नाही. ज्या विद्यार्थ्याचे नाव, गाव आणि जन्मतारीख वेगवेगळ्या दफ्तरांत वेगवेगळ्या लेखनाने चढलेली असते, त्याच्यासाठी हा शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही. आपल्या नोंदी जुळत नाहीत याचे कारण यंत्राचा कोप नसून संकेतनाचा नियम आहे, हे ज्याला कळते तो दुरुस्ती मागू शकतो. ज्याला कळत नाही तो यंत्रापुढे मान तुकवितो.

या अडचणीवर मनुष्याने काढलेला उपाय हीच तिसरी मूलकल्पना : ओळखीसाठी नावाऐवजी अंक वापरणे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय डाकखात्याने सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान व कवी होते, ही गोष्ट भाषा आणि संकेतशास्त्र यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. बाळापूरचा ४४४३०२ हा अंक डावीकडून वाचीत गेल्यास विभाग, उपविभाग, टपाल-वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांनी टपाल कार्यालय अशी उतरंड दिसते. त्याच वेळी दोन सावधगिरीच्या गोष्टीही शिकविता येतात. दोन पिनकोडांची बेरीज निरर्थक असते. म्हणजे अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट परिमाण नसते. शिवाय पिनकोड टपाल कार्यालय दर्शवितो, गाव नव्हे. म्हणजे एका हेतूने केलेला संकेत दुसऱ्या हेतूस जशाचा तसा चालत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, विद्यार्थ्याला नोकरी-व्यवसायात यंत्रच चालवावे लागते. तेव्हा कळफलकाचा सराव सोडून ‘आईन’ आणि खतावणी यांत त्याला गुंतविणे हा पंडिती हट्ट होय. आक्षेपात तथ्य आहे. सरावाला पर्याय नाही. परंतु सराव यंत्रासमोरच होऊ शकतो, आणि एका यंत्राभोवती अनेक मुले उभी राहतात अशा शाळेत तो प्रत्येकाच्या वाट्यास अल्पच येतो. उलट नोंद, संकेतन आणि ओळख-अंक या तीन कल्पना खडू-फळ्यावर संपूर्ण शिकविता येतात. साधनांची उणीव असलेल्या शाळेतच कल्पनांवर अधिक भर देणे आवश्यक ठरते. प्रत्यक्षात मात्र तेथेच यंत्राचे चित्र काढून त्याच्या भागांना नावे देण्यात तासिका संपते.

१९४८ साली क्लॉड शॅनन याने संप्रेषणाचा गणिती सिद्धान्त मांडला तेव्हा संदेशाचा अर्थ त्याने बुद्धिपुरस्सर बाजूस ठेवला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते योग्यच होते, आणि त्या शास्त्राचे सामर्थ्य त्याच त्यागातून आले. परंतु शास्त्राने बाजूस ठेवलेला अर्थ परत जोडण्याचे काम शिक्षणाचे आहे. यंत्र २३५५ हा अंक बिनचूक सांभाळते; तो ळकार आहे, आणि तो आपल्या गावाच्या नावातला आहे, हे विद्यार्थ्यालाच ठाऊक असते. माध्यमिक शाळेतील माहिती-तंत्रज्ञानाचा पाठ या जाणिवेपासून सुरू झाला पाहिजे.