वेढ्यातले दाखले

पदक बोलत नाही, कागद बोलतो, असे युद्धपदकांचे संग्राहक म्हणतात. त्यात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आयर्न क्रॉसवर मानकऱ्याचे नाव कोरलेले नसे. नाव, हुद्दा, तुकडी, तारीख, सही हे सारे सापडते ते सोबतच्या दाखल्यावर. म्हणूनच ब्रेस्लाउच्या (आजचे पोलंडमधले व्रोत्सवाफ) वेढ्यातला दाखला हाती लागला, की संग्राहक हरखतो.

सोव्हिएत फौजांनी हे शहर फेब्रुवारी १९४५ मध्ये वेढले. बर्लिन २ मे रोजी पडले. ब्रेस्लाउ शरण आले ६ मे रोजी. मार्चपासून तिथला सेनापती होता हेरमान नीहोफ. वेढ्याच्या अखेरची तारीख, खाली नीहोफची सही, साधा टंकलिखित कागद, एवढे जुळले की भाव चढतो. आता साधा कागद आणि टंकलेखन नकली दाखला करणाऱ्यालाही किती सोयीचे, हे सांगायला नकोच.

माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. सहीचे वळण भिंगाखाली तपासणारा संग्राहक तारीख वाचतो ती भाव ठरवण्यापुरती. त्या तारखांना शहराच्या मधोमध धावपट्टीसाठी घरे पाडली जात होती. भडिमारात राबत होते नागरिक आणि वेठीला धरलेले परदेशी मजूर. नाझी प्रांतप्रमुख कार्ल हांके याने उपमहापौर श्पीलहागेन यांना जानेवारीतच भर चौकात गोळ्या घालवल्या होत्या. तोच हांके शेवटी विमानाने निसटला.

दाखल्यावर यातले काही नसते. क्रॉस कशाबद्दल दिला, तेही नसते. फ्यूररच्या नावाने दिला, एवढेच.