तलावाविना पक्षी

छायाचित्रण ही कला आहे की नुसती यंत्राची करामत, हा वाद आता जुना झाला असून तो पुन्हा उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. ती कला आहे हे आम्ही मान्य करूनच चालतो. परंतु कला म्हटली की तिच्या पाठोपाठ टीका आलीच. कविता, नाटक, कादंबरी यांची चिकित्सा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आली; छायाचित्राच्या वाट्याला मात्र ‘सुरेख’ आणि ‘अप्रतिम’ या दोन विशेषणांपलीकडे फारसे काही येत नाही. नागपुरात हिवाळा सुरू झाला की अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा या तलावांच्या काठी लांबलचक भिंगे रोखून बसलेली मंडळी भल्या पहाटेपासून दिसू लागतात. त्यांनी टिपलेली बदके, बगळे आणि पाणकोंबड्या मोबाइलवरून घरोघर पोहोचतात, दिनदर्शिकांवर छापल्या जातात, प्रदर्शनांतून टांगल्या जातात. इतक्या श्रमाने केलेल्या कामाची कोणी गंभीरपणे परीक्षाच करू नये, हा त्या कामाचा गौरव नसून त्याची उपेक्षा होय. ही उपेक्षा अंशतः तरी दूर व्हावी एवढ्यासाठीच हा लेख आहे.

आपण पाणपक्षी पाहू लागण्यापूर्वीच त्यांची काही चित्रे आपल्या मनात ठाण मांडून बसलेली असतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. हंसाचेच उदाहरण घ्या. राजा रविवर्म्याचे ‘हंस-दमयंती’ हे चित्र १८९९ सालचे. त्याच्या आधीच, १८९४ साली, त्याचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला होता. आणि अशा छापील चित्रांनी देवादिकांप्रमाणे पुराणातले पक्षीही मध्यमवर्गाच्या भिंतींवर आणून बसविले. शुभ्र पिसांचा, लांब बाकदार मानेचा तो हंस आपल्याला इतका परिचयाचा झाला आहे की, तो आपल्या तलावांवर येतच नाही हे सांगितले तर पुष्कळांस नवल वाटेल. तसला पक्षी मूळचा थंड प्रदेशांतला; एखाद्या कडक हिवाळ्यात भरकटून वायव्येकडे आला तर आला. संस्कृत कवींचा हंस बहुधा निराळाच होता. अनेक अभ्यासकांच्या मते तो म्हणजे पट्टकादंब. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे मिरवणारा हा पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो, आणि नागपूर परिसरातील तलावांवरही हिवाळ्यात उतरतो. त्याचे छायाचित्र दाखविले की पाहणारा हिरमुसतो आणि म्हणतो, “हे तर बदक!” हा हिरमोड आम्हांस फार मोलाचा वाटतो. शतकभर भिंतीवर टांगलेल्या एका कल्पनेला कॅमेऱ्याने येथे सत्याचा धक्का दिलेला असतो. छायाचित्राची पहिली सेवा ती हीच.

परंतु सत्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला कॅमेऱ्यानेच प्रथम दिली, असे मात्र कोणी समजू नये. ज्या साध्यासुध्या माणसांनी आपल्या पाणपक्ष्यांना नावे ठेवली त्यांच्या डोळ्यांपुढे उत्तमातले उत्तम भिंगही फिके पडावे. चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके, एवढे पाहून त्यांनी एका बदकाला ‘हळदीकुंकू’ म्हटले. काळ्याभोर अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असणाऱ्या पक्ष्याला कोणी ‘चांदवा’ म्हटले, तर कोणी ‘वारकरी’. पसरट चोचीने पाणी गाळीत जाणारा तो ‘थापट्या’. शेपटीचे लांब टोकदार पीस उगारून पोहणारे ते ‘तलवार बदक’. या नावांत दोन गुण एकत्र आले आहेत. एक तर पक्ष्याची नेमकी खूण त्यांनी अचूक उचलली आहे. आणि दुसरे म्हणजे ती खूण आपल्या घरातल्या, वारीतल्या, रोजच्या व्यवहारातल्या एखाद्या गोष्टीशी जोडून पक्ष्याला आपल्या जगात स्थान दिले आहे. उत्तम छायाचित्राची कसोटी आम्हांस याहून वेगळी दिसत नाही. चित्राने पक्षी नेमका दाखवावा, आणि तो आपला करून दाखवावा.

यांपैकी पहिली अट आजचे छायाचित्रकार उत्तम रीतीने पार पाडतात, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. इंग्लंडात कीर्टन बंधूंनी पक्ष्यांच्या घरट्यांवरील आपले पुस्तक प्रत्यक्ष रानात घेतलेल्या छायाचित्रांनी सजविले ते १८९५ साली. पक्ष्यांच्या जवळ जाता यावे म्हणून पुढे त्यांनी बैलाचे पोकळ सोंग करून त्याच्या पोटात दडून बसण्यापर्यंत मजल मारली. आज त्या बैलाची गरज उरली नाही. दूरचा पक्षी जवळ आणणारी भिंगे आणि निमिषाचा दोन-तीन हजारावा भाग पकडणारी यंत्रे हौशी माणसाच्याही हाती आली आहेत. तरीसुद्धा कौशल्य लागते ते लागतेच. उन्हात उभा असलेला बगळा टिपताना प्रकाशाचे माप किंचित चुकले तरी त्याची पिसे जळून नुसता पांढरा डाग उरतो. आणि वारकऱ्याचे अंग उजळ करू जावे तर कपाळावरचा टिळा पसरतो. काळा व पांढरा पक्षी शेजारी पोहत असता दोघांनाही न्याय देणे हे संगीतातील दोन भिन्न स्वर सांभाळण्याइतके अवघड आहे. जो काठावर पोटावर पडून भिंग पाण्याच्या पातळीवर आणतो, त्यालाच पक्ष्याची नजर सापडते; उभ्याने टिपलेले बदक वरून पाहिलेल्या भांड्यासारखे दिसते. ह्या साऱ्या साधनेबद्दल आम्हांस आदर आहे.

आमची तक्रार आहे ती दुसऱ्या अटीबद्दल. हल्ली वाखाणल्या जाणाऱ्या चित्रांचा साचा एकच झाला आहे. मध्यभागी पक्षी, प्रत्येक पीस मोजून घ्यावे इतका स्पष्ट. आणि त्याच्या मागेपुढे हिरवट किंवा सोनेरी धुके. पाणी आहे, पण ते कोणत्याही गावचे असू शकेल. काठ नाही, बांध नाही, पलीकडच्या इमारती नाहीत, जलपर्णी नाही, तरंगणारे निर्माल्य नाही की प्लॅस्टिकची पिशवी नाही. भिंगाने जे धूसर होत नाही ते चौकटीबाहेर ठेवले जाते, आणि तरीही जे आत शिरते ते मागाहून संगणकावर पुसले जाते. अशी पन्नास चित्रे ओळीने पाहिली तर पक्षी पन्नास दिसतात, तलाव मात्र एकही दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल की, वेचून घेणे हाच कलेचा धर्म आहे. चित्रकाराने कचरा का रंगवावा? आक्षेप वाजवी आहे, परंतु तो येथे लागू पडत नाही. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. त्यातील पक्षी रंगविलेले आहेत. रंगविलेले बदक हे जातीचे चित्र असते. ते कोणा एका दिवशी कोणा एका पाण्यावर नव्हतेच, म्हणून त्याच्यामागचा कोरा कागद खोटा ठरत नाही. छायाचित्रातील बदक हे मात्र एक विशिष्ट बदक असते. ते अमुक सकाळी अमुक तलावावर खरोखरच होते. त्याचे स्थळ पुसणे म्हणजे साक्षीदाराच्या जबानीतून गावाचे नाव खोडण्यासारखे आहे.

शिवाय सौंदर्याच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचाच आहे. पाणपक्षी हा तलावात ठेवलेला दागिना नव्हे. तलावानेच त्याला घडविले आहे. कमळपक्ष्याची ती लांबच लांब बोटे तरंगत्या पानांवरून चालताना पाहिली तरच त्यांचा अर्थ कळतो. पाने वगळली की ती नुसते व्यंग वाटतात. वारकरी उडण्यापूर्वी पाण्यावरून धावतो, तेव्हा त्याच्या मागे उठणारी पावलांची ओळ हे अर्धे चित्र असते. टिबुकली बुडी मारते त्या क्षणी पक्षी नाहीसाच होतो आणि उरते ते पाण्याचे वर्तुळ. ते टिपण्याचे धैर्य असणारा छायाचित्रकार क्वचितच आढळतो. तलवार बदक डोके पाण्यात खुपसून शेपटी वर करते ते उथळ पाण्यात, कारण त्याला मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवरचे खाद्य लागते. लालसरी बुडी मारून त्याहून खोल पाण्यातले खाद्य मिळविते. कोणता पक्षी कोठे बसला आहे एवढ्यावरून जाणता माणूस तलावाचा तळ वाचू शकतो. काठ खणून सरळ केला आणि त्याला सिमेंटची भिंत बांधली की उथळ पाणी जाते, आणि त्याच्यासवे तलवार बदकही जाते. हे नाट्य ज्या चौकटीत शिरत नाही ती चौकट कितीही झळझळीत असली तरी आम्हांस ती दरिद्री वाटते.

आणि हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहिलेला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि त्याखालच्या वस्त्यांत पाणी शिरून माणसे दगावली. त्याच अंबाझरीचा मोठा भाग जलपर्णीने झाकलेला नागपूरकरांनी पाहिला आहे. फुटाळ्यातील कारंजी व इतर बांधकामांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, हा तलाव मानवनिर्मित असल्याने २०१७ च्या नियमांतील पाणथळीच्या व्याख्येत तो बसत नाही. कायद्याच्या व्याख्येची चर्चा कायदेपंडितांनी करावी. आम्हांस एवढेच दिसते की, ज्या शहराचे तलाव माणसांनीच बांधले, त्या शहरातील पक्ष्यांचे आश्रयस्थान पुष्कळ अंशी नागरिकांच्या आस्थेवर उभे आहे. आणि आस्था ओळखीवाचून निर्माण होत नाही. पक्ष्यांची शेकडो सुंदर चित्रे पाहिलेल्या माणसाला ते पक्षी आपल्याच फुटाळ्याचे आहेत हे कळत नसेल, तर त्या चित्रांनी त्याला आनंद दिला, पण त्याची फसवणूकही केली.

आणखी एक दोष असा की, तो चित्र पाहूनच ओळखता येतो. उडत्या थव्याच्या चित्रांना मागणी फार, म्हणून पक्षी मुद्दाम उडविले जातात. हजारो मैलांचा प्रवास करून आलेल्या या पाहुण्यांना परतीच्या वाटेसाठी अंगात चरबी साठवायची असते. दर उठवणुकीत ती खर्ची पडते. परंतु नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी असे चित्र कला म्हणूनही फसते. ताठ झालेल्या माना, पाठमोरे अंग आणि भिंगापासून दूर पळणारा सारा थवा पाहणाऱ्याला सांगून जातो की, या दृश्याचे कारण चौकटीबाहेर उभे आहे. आपल्या धनवापसीच्या वेळेला, आपल्या लयीत उठलेला थवा निराळा असतो. त्यात घाई असते, पण भीती नसते.

मग करावे काय? मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. वनखात्यातील नोकरीत त्यांनी नवेगावबांधसारख्या ठिकाणी वर्षे घालविली, नागपुरात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, आणि जून २०२५ मध्ये ते निवर्तले. ‘पक्षी जाय दिगंतरा’ असो की ‘पक्षिकोश’, त्यांच्या लेखनात पक्षी एकटा येत नाही. पाणी, झाड, ऋतू आणि त्या पक्ष्याला नाव देणारी माणसे ह्यांच्यासह येतो. शब्दांनी जे साधले ते भिंगाला असाध्य का असावे? मध्येच कधी भिंग आखूड करावे, काठ चौकटीत येऊ द्यावा, पलीकडच्या इमारतींचे प्रतिबिंब बदकाच्या छातीखाली डुलू द्यावे. चित्राखाली स्थळ व तारीख लिहावी. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आणि अशा कामाला स्थळकाळ सांगणारे साधे चित्र निनावी उत्कृष्ट चित्रापेक्षा अधिक उपयोगी पडते. जलपर्णीत अडकलेला हळदीकुंकू बदकांचा जोडा हा काही कुरूप विषय नव्हे. कदाचित आपल्या काळातील नागपूरचे सर्वांत खरे चित्र तेच असेल.

दिनदर्शिकेवरील बदक पाहून नागपूरकराने “काय सुंदर पक्षी!” म्हणावे ही छायाचित्रकाराची निम्मी कमाई होय. “अरे, हा तर आपला अंबाझरीचा बांध!” असे त्याच्या तोंडून निघेल तेव्हा ती पुरी झाली असे आम्ही समजू.