शोक आणि क्षोभ : एका अद्भुतरम्य मालिकेच्या प्रेक्षकांची साक्ष

नाट्यकृतीचे मूल्यमापन करताना प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेला कितपत स्थान द्यावे, हा प्रश्न साहित्यशास्त्राला नवा नाही. एका पक्षाच्या मते प्रेक्षकांचे हसणे-रडणे, त्यांची प्रशंसा वा निर्भर्त्सना ही कलाकृतीच्या बाहेरची गोष्ट होय. टीकाकाराने संहिता आणि प्रयोग यांच्यापुरतेच पाहावे. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्याच्यासाठी प्रयोग केला तो प्रेक्षकच अंतिम प्रमाण होय. हे दोन्ही पक्ष एकांगी आहेत, असे आम्हांस वाटते. प्रेक्षकांची प्रतिक्रिया हा निवाडा नव्हे. परंतु ती साक्ष अवश्य आहे, आणि साक्षीची उलटतपासणी करून तीतून तथ्य काढणे हे टीकाकाराचे काम आहे. या दृष्टीने एका अलीकडच्या आणि पुष्कळ गाजलेल्या उदाहरणाचा विचार येथे करावयाचा आहे.

अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ मध्ये व पाचवा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वेस्टरॉस नावाच्या कल्पित भूमीतील राजघराण्यांचा सिंहासनासाठी चाललेला कलह हा तिचा विषय. तिच्या आधारे रचलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणी-मालिका एचबीओ या वाहिनीने १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९ या काळात आठ पर्वे आणि ७३ भाग यांत दाखविली. डेव्हिड बेनिऑफ व डी. बी. वाइस हे तिचे प्रमुख कर्ते. अखेरचा भाग अमेरिकेत प्रसारणाच्या रात्रीच सुमारे १ कोटी ९३ लाख प्रेक्षकांनी पाहिला. त्याच वर्षी उत्कृष्ट नाट्यमालिकेचे एमी पारितोषिक तिला मिळाले. आणि त्याच वर्षी, अखेरचे पर्व अधिक समर्थ लेखकांकडून नव्याने करवून घ्यावे, अशा मागणीच्या आवेदनावर १५ लाखांहून अधिक सह्या झाल्या. मोठी प्रेक्षकसंख्या, मान्यवरांचे पारितोषिक आणि उघड निषेध ही तिन्ही एकाच कृतीच्या वाट्यास एकाच वेळी आली. या विसंगतीचा उलगडा कसा करावयाचा?

भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धिविषयक अध्याय येथे उपयोगी पडतो. प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी हे सांगताना भरत प्रेक्षकांच्या वर्तनाकडे बोट दाखवितो. स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार ही वाङ्मयी सिद्धीची चिन्हे; रोमांच उभे राहणे, आसनावरून उठणे, वस्त्रे वा अंगठ्या रंगभूमीकडे टाकणे ही शारीरी सिद्धीची. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘कष्टम्’ हा दुःखोद्गार भरताने प्रयोगाच्या अपयशात नव्हे, तर यशात गणला आहे. करुण प्रसंगी प्रेक्षक व्यथित झाला, तर प्रयोग साधला. याउलट प्रयोगाला पडणाऱ्या बाधांना भरत ‘घात’ म्हणतो. त्यांतील काही दैवी, काही शत्रूने घडविलेले, तर काही प्रयोगकर्त्यांच्या स्वतःच्या दोषांतून उद्भवणारे असतात. तेव्हा प्रेक्षकाला झालेले दुःख दोन जातींचे असू शकते. एक कृतीच्या आतले दुःख, त्यास आपण शोक म्हणू; दुसरे कृतीमुळे झालेले दुःख, त्यास क्षोभ म्हणू. पहिले रसनिष्पत्तीची खूण आहे, तर दुसरे रसभंगाची. प्रस्तुत मालिकेच्या प्रेक्षकांनी या दोहोंची साक्ष दिली आहे, आणि त्या दोन साक्षींची तुलना हाच या लेखाचा गाभा होय.

शोकाचे उदाहरण २ जून २०१३ रोजी प्रसारित झालेल्या तिसऱ्या पर्वाच्या नवव्या भागाचे. ‘रेड वेडिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रसंगात तरुण राजा रॉब स्टार्क, त्याची माता आणि त्याची गर्भवती पत्नी यांची विवाहसमारंभाच्या पंक्तीत कत्तल होते. ज्यांनी २००० मध्ये निघालेला कादंबरीचा तिसरा खंड वाचला होता, त्यांस हे ठाऊक होते. त्यांपैकी कित्येकांनी, काही न सांगता, आपल्या आप्तमित्रांची तो भाग पाहतानाची छायाचित्रणे केली. तोंडावर हात ठेवलेले, उठून उभे राहिलेले, ‘नाही, नाही’ म्हणून ओरडणारे प्रेक्षक आपण त्यांत पाहतो. भरताने वर्णिलेल्या शारीरी सिद्धीचा इतका प्रत्यक्ष पुरावा पूर्वीच्या कोणत्याही टीकाकारास उपलब्ध नव्हता. त्या रात्री अनेकांनी मालिका पुन्हा न पाहण्याची प्रतिज्ञा केली. परंतु पुढील पर्वाचा प्रेक्षकवर्ग घटला नाही, वाढला. कारण दुःख कितीही तीव्र असले, तरी ‘हे असे घडणे शक्य नाही’ असे फारसे कोणी म्हटले नाही. रॉबने फ्रे घराण्यातील मुलीशी विवाह करण्याचे वचन मोडले होते, आणि वचनभंगाची किंमत या जगात प्राणांनी द्यावी लागते, हे पहिल्या पर्वात एडर्ड स्टार्कच्या शिरच्छेदापासून प्रेक्षकास शिकविले गेले होते. कार्य आकस्मिक होते. कारण आधीच पेरलेले होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. हा प्रसंग मूळ कथेशी तंतोतंत जुळणारा नाही. कादंबरीतील रॉबची पत्नी वेगळी व्यक्ती आहे आणि ती त्या समारंभास उपस्थितच नसते. मालिकाकर्त्यांनी केलेला हा बदल वाचकांनी बहुतांशी स्वीकारला. याउलट २०१५ मधील पाचव्या पर्वात कादंबरीतील एका गौण मुलीच्या वाट्याचा अत्याचार सान्सा स्टार्क या प्रमुख पात्राच्या माथी आणला गेला, तेव्हा तीव्र निषेध झाला. क्लेअर मॅकॅस्किल या अमेरिकन सिनेटरने मालिका पाहणे थांबविल्याचे जाहीर केले. त्या निषेधात अत्याचाराचे चित्रण करावे की न करावे, हा एक भाग होता. परंतु चिकित्सक प्रेक्षकांचा आक्षेप अधिक नेमका होता. त्या प्रसंगाच्या अंती कॅमेरा सान्सावरून हटून तो प्रकार पाहणाऱ्या थिऑनच्या मुद्रेवर स्थिर होतो. दुःख तिचे, पण त्याचा अनुभाव दुसऱ्याच्या चेहऱ्यावर! दोन्ही ठिकाणी मूळापासून फारकत आहे. एक मान्य होते, दुसरी होत नाही. तेव्हा मूळ कादंबरीशी इमान राखणे हा प्रेक्षकांचा खरा निकष नव्हता, हे उघड आहे.

२०१६ च्या सहाव्या पर्वापासून तर तो निकष लावणेच अशक्य झाले. मालिका प्रसिद्ध खंडांच्या पुढे गेली, आणि २०१९ मध्ये ती संपली तेव्हाही सहावा खंड प्रकाशित झालेला नव्हता. आतापर्यंत वाचक-प्रेक्षक आणि केवळ-प्रेक्षक असे दोन वर्ग होते. एकाला भविष्य ठाऊक, दुसऱ्याला अज्ञात. आता दोघेही एकाच अज्ञानाच्या पातळीवर आले. मालिकेने स्वतःच घालून दिलेला नियम, एवढाच मापदंड उरला. वेस्टरॉसमध्ये अंतर तुडवावयास वेळ लागतो, कृत्यास परिणाम असतो, आणि पात्र आपल्या स्वभावाला धरून वागते, हे तीन नियम मालिकेने साठ भागांत रुजविले होते. सातवे पर्व सात भागांचे आणि आठवे सहा भागांचे झाले, तेव्हा पहिला नियम आधी ढळला. २०१७ मध्ये उत्तरेकडील भिंतीपलीकडच्या प्रसंगात संदेशवाहक पक्षी आणि ड्रॅगन ज्या त्वरेने खंड ओलांडतात, त्यावर टीका झाली. त्या भागाचे दिग्दर्शक ॲलन टेलर यांनी मुलाखतीत दिलेले उत्तर संभाव्य वाटणाऱ्या अशक्याच्या कल्पनेचा आधार घेणारे होते. ही कल्पना मुळात ॲरिस्टॉटलची. परंतु प्रेक्षकांचा आक्षेपही नेमका तीच कल्पना मानणारा होता: ड्रॅगन अशक्य असूनही त्यांना संभाव्य वाटत होता, त्याचा प्रवास तेवढा वाटत नव्हता.

मुख्य प्रश्न मात्र डेनेरिस टारगेरियन या पात्राचा. निर्वासित राजकन्या, गुलामांना मुक्त करणारी राणी असे तिचे रूप आठ वर्षे प्रेक्षकांनी पाहिले. अमेरिकेत काही पालकांनी मुलींना ‘खलीसी’ हे तिचे बिरुद नाव म्हणून दिले. आठव्या पर्वाच्या पाचव्या भागात शरणागतीच्या घंटा वाजल्यावर ती राजधानी जाळते. क्षोभाचा स्फोट झाला तो येथे. मालिकेच्या समर्थकांनी दिलेले उत्तर विचारार्ह आहे. ते म्हणतात, ही बीजे पूर्वीच पेरलेली होती. २०१४ मधील पर्वात ती मीरीन नगरातील १६३ धनिकांना सुळावर चढविते. २०१७ मध्ये शरण न आलेल्या टार्ली पिता-पुत्रांना जाळते. ज्यांना धक्का बसला, त्यांनी तिचे क्रौर्य आजवर टाळ्या वाजवून पाहिले होते, आणि तो दोष त्यांचाच.

या उत्तरात तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रेक्षकांचे पात्राशी तादात्म्य इतके झाले होते की, तिच्या हिंसेला ते न्याय समजत होते. हे भान त्यांना अखेरच्या पर्वाने दिले असेल, तर ती त्याची कमाई म्हणावी लागेल. तथापि बीज असणे आणि बीजाचे झाड होणे यांत अंतर आहे. रसाच्या परिभाषेत बोलावयाचे तर विभाव पुरेसे आहेत: सखीचा शिरच्छेद, ड्रॅगनचा मृत्यू, प्रियकराचा श्रेष्ठ वारसाहक्क, एकाकीपणा. परंतु अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांना अवकाशच मिळत नाही. घंटा वाजत असताना काही क्षण तिची मुद्रा दिसते. त्यानंतर ती आकाशात जाते, आणि कॅमेरा जळणाऱ्या नगरातील नागरिकांबरोबर राहतो. मारणाऱ्याऐवजी मरणाऱ्यांकडे पाहण्याचा हा निर्णय नैतिक दृष्ट्या समर्थनीय आहे. किंबहुना युद्धाचे इतके भेसूर चित्र दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसले असेल. पण ज्या अंतःकरणात हा निर्णय घडला, त्याचे दार प्रेक्षकांना त्याच क्षणी बंद झाले. आठ वर्षे ज्या मनात वावरलो, त्यातून ऐन निर्णायक क्षणी बाहेर काढले गेलो, ही ती व्यथा. सान्साच्या प्रसंगी जो दोष प्रेक्षकांनी हेरला होता, तोच येथे मोठ्या प्रमाणावर आहे: कर्त्याचा वा भोक्त्याचा चेहरा आवश्यक असताना तो दृष्टीआड जातो. म्हणूनच २०१३ मध्ये ‘हे सहन होत नाही’ असे म्हणणारा प्रेक्षक २०१९ मध्ये ‘हे पटत नाही’ असे म्हणाला. या दोन वाक्यांतील भेद म्हणजेच शोक आणि क्षोभ यांतील भेद होय.

याचा अर्थ प्रत्येक तक्रार ग्राह्य आहे असा नव्हे. तरुणांस शृंगार, शूरांस युद्ध, वृद्धांस धर्मकथा रुचतात, असे सांगून एकाच प्रयोगाने सर्वांचे समाधान होणार नाही, हे भरताने मान्य केले आहे. आणि मतभेद झाल्यास याज्ञिक, नर्तक, धनुर्वेदज्ञ, चित्रकार इत्यादी प्राश्निकांनी आपापल्या विषयापुरता निर्णय द्यावा, अशी व्यवस्था लावली आहे. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागातील रात्रीच्या युद्धात घोडदळ अंधारात पुढे धाडल्यावर युद्धशास्त्राच्या जाणकारांनी घेतलेला आक्षेप हा धनुर्वेदज्ञाचा. दृश्य फार काळोखे असल्याचा आक्षेप चित्रकाराचा. चौथ्या भागात मेजावर राहून गेलेला आधुनिक कॉफीचा पेला, जो पुढे वाहिनीने चित्रातून पुसला, तो तर प्रयोगकर्त्यांच्या हातून झालेल्या घाताचा नमुनाच होय. हे दोष खरे, पण किरकोळ. त्यांनी रसभंग क्षणभर होतो, कृती ढासळत नाही. आपल्या आवडत्या पात्राला सिंहासन न मिळाल्याची तक्रार तर दोषच नव्हे, ती केवळ इच्छा होय. आणि पर्व पुन्हा करून द्यावे ही आवेदनातील मागणी मान्य करता येणार नाही. कृती बिघडली असे म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. ती मागवून घेण्याचा नाही. ज्या कथेने त्याला अप्रिय सत्य स्वीकारावयास शिकविले, तिच्याकडूनच मनाजोगता शेवट मागणे हे त्या शिकवणीशी विसंगत आहे.

परंतु मागणी चूक असली म्हणून तिच्या मुळाशी असलेली जाणीव चूक ठरत नाही. आरंभी उल्लेखिलेली विसंगती येथे सुटते. प्रेक्षकसंख्या ही कुतूहलाची गणना आहे. पारितोषिक हा अभिनय, निर्मिती आणि आठ वर्षांच्या परिश्रमांचा सन्मान आहे. निषेध हा कथेच्या अंतर्गत नियमाविषयीचा अभिप्राय आहे. तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, म्हणून ती परस्परविरुद्ध नाहीत.

रूपांतराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की, प्रेक्षकांचा कोलाहल ऐकू आला म्हणजे त्यापासून तोंड फिरवू नये, आणि त्याची मोजदाद करूनही थांबू नये. हा कोलाहल कृतीच्या आतून उठला आहे की कृतीच्या विरुद्ध, आणि विरुद्ध असल्यास तो इच्छाभंगाचा आहे की रसभंगाचा, हे क्रमाने विचारावे. ज्या लक्षावधी लोकांनी अखेरच्या पर्वावर राग काढला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी नाट्यशास्त्राचे नावही ऐकले नसेल. तरी कारणावाचून कार्य येते तेव्हा रस उरत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ते त्यांना त्याच मालिकेने, तिच्या चांगल्या दिवसांत, शिकविले होते.